हनोईला येताय ना, मग आधी घड्याळ बदला

मुंबईहून थेट विमानं सुरू झाल्यापासून हनोईत मराठी माणूस कुठेही भेटतो, तळ्याकाठी, हालाँग उपसागराच्या बोटीवर, मॉलच्या फूड कोर्टात खाकऱ्याचं पाकीट उघडून बसलेला, आणि त्यातले बरेच जण कुणाच्या तरी मावशीच्या नणंदेच्या ओळखीने माझ्यापर्यंत पोचतात. मी इथे शाळेत गणित शिकवते. आठवडाभर तास असतात, त्यामुळे प्रत्येकाबरोबर फिरणं जमत नाही, म्हणून जे मी फोनवर सगळ्यांना सांगत बसते ते एकदाचं नीट लिहून टाकतेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. आपली माणसं हॉटेलचा नाश्ता निवांत आटपून दहा-साडेदहाला बाहेर पडतात, तोवर ऊन नाहीतर ट्रॅफिक डोक्यावर आलेलं असतं, साडेअकराला इथल्या लोकांची जेवणाची वेळ होते, त्यानंतर दीडपर्यंत अर्धं शहर वामकुक्षी घेतं (आमच्या शाळेतली मुलंसुद्धा चटया पसरून झोपतात, खरंच), आणि रात्री साडेनऊला आपल्याला भूक लागते तेव्हा बरीचशी किचन बंद होत असतात. मग म्हणायचं हनोईत काही विशेष नाही बुवा. अहो, तुम्ही शहर झोपलेलं असताना गेलात! हनोई पहाटे पाचला उठतं, नऊ-दहापर्यंत आणि परत चारनंतर रात्री नऊपर्यंत त्याचा खरा दिवस असतो. शहरासाठी दोन पूर्ण दिवस ठेवा आणि त्या वेळा पाळा, बाकी सगळं त्याच्या पुढचं.

कधी यायचं

ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, हवा कोरडी, ऊन सोसेल असं. मार्च-एप्रिल पण चालतं, फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसच्या दिवस बारीक भुरभुर असते आणि दमटपणा इतका की फरशीला घाम फुटतो, कपडे वाळत नाहीत. मे ते ऑगस्ट म्हणजे ३५ ते ४० अंश, वर घाम आणि पाऊस. आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी असते म्हणून सगळे तेव्हाच येतात, त्याला माझा इलाज नाही, पण मग दुपारी बाहेर पडायचा हट्ट सोडा.

आणि हो, इथे थंडी असते! व्हिएतनाम म्हटलं की लोक थायलंडसारखे कपडे भरून येतात, पण हनोई उत्तरेला आहे, डिसेंबर-जानेवारीत पारा १०-१२ पर्यंत उतरतो आणि घरांना हीटर नसतो, त्यामुळे ती थंडी दमट आणि आत शिरणारी असते. एक जाड जॅकेट आणाच. याच दिवसांत प्रदूषण पण वाढतं, दम्याचा त्रास असेल तर मास्क आणि औषधं जवळ हवीत.

टेट म्हणजे इथलं चांद्र नववर्ष, जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी येतं (२०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे). त्याच्या आधीचे आठ-दहा दिवस शहर बघण्यासारखं असतं, स्कूटरच्या मागे अख्खं संत्र्याचं झाड किंवा गुलाबी फुलांनी भरलेली पीचची फांदी बांधून लोक घरी नेत असतात. पण टेटच्या दिवशी आणि नंतर दोन-तीन दिवस दुकानं, हॉटेलं, बरंचसं बंद असतं, सगळे गावी गेलेले असतात. पहिल्यांदाच येत असाल तर ते दिवस टाळा.

व्हिसा

भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा आहे, एकदाच प्रवेश असेल तर २५ डॉलर आणि अनेकदा असेल तर ५०. कंबोडियाला जाऊन परत व्हिएतनाममध्ये यायचं असेल तर दुसरा घ्या. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट व्हीएन असतं, गुगलवर वरती येणाऱ्या बाकीच्या दिसायला तशाच साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. वेळ कामाचे तीन दिवस म्हणतात, तुम्ही मात्र दोन-तीन आठवडे आधी भरा.

फॉर्म भरताना आपल्या लोकांची गाडी नावावर अडते. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर नाव जसं आहे तसंच, मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर तेही, एकही अक्षर इकडेतिकडे नको. व्हिसा ज्या तारखेपासून सुरू होतो त्याच्या आधी उतरता येत नाही, त्यामुळे मध्यरात्रीच्या आसपासचं विमान असेल तर तारीख दोनदा बघा. मिळाल्यावर प्रिंट काढा, प्रत्येकाची वेगळी, फक्त मोबाइलवर ठेवून रांगेत उभं राहू नका.

पैशांचं गणित

हा माझा विषय, त्यामुळे जरा थांबते इथे. इथलं चलन डोंग, एका रुपयाला साधारण ३०० येतात. म्हणजे पहिल्यांदा पैसे बदलले की तुम्ही लखपती आणि दुसऱ्या मिनिटाला गोंधळ. सोपी युक्ती: किमतीची शेवटची दोन शून्यं झाका आणि उरलेल्याला तीनने भागा. ९०,००० डोंगचं जेवण? ९०० भागिले ३, तीनशे रुपये. ४५,००० ची कॉफी दीडशे रुपये. मुलांना हे काम द्या, प्रवासभर तोंडी हिशोब होतो आणि त्यांना महत्त्व पण मिळतं.

मेनूवर ५० असं लिहिलं असेल किंवा फळवाली पाच बोटं दाखवत असेल तर ते हजारांत असतं, ५० म्हणजे ५०,०००. नाणी चालत नाहीत, सगळ्या नोटा, सगळ्यांवर हो ची मिन्ह. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची पण निळसर, आणि घाईत, रात्री, टॅक्सीतून उतरताना हमखास यांचीच अदलाबदल होते. पहिलं काम म्हणून पाकिटात पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

रुपये घेऊन येऊ नका, इथे त्यांना भाव मिळत नाही. अमेरिकन डॉलर आणा, शक्यतो १०० च्या, कोऱ्या करकरीत, दुमडलेली किंवा शाई लागलेली नोट नाकारतात. विमानतळावर थोडे बदला, बाकी शहरात बँकेत. फॉरेक्स कार्ड मोठ्या हॉटेलात चालतं, पण फुटपाथवरच्या काकूंना रोखच लागते. जागोजागी क्यूआर कोड दिसतील, ते इथल्या बँक खात्यांसाठी असतात, आपलं यूपीआय काढून स्कॅन करत बसू नका.

हॉटेल निवडताना

पहिल्यांदा येणाऱ्याने ओल्ड क्वार्टरमध्ये, म्हणजे जुन्या वस्तीत, किंवा होआन किएम तळ्याच्या आसपास राहावं, कारण पहाटे खाली उतरलं की लगेच शहरात असता. पण तीन गोष्टी बघून बुक करा. इथली जुनी घरं पुढून अगदी अरुंद आणि आत लांबच लांब, त्यामुळे स्वस्त खोल्यांना खिडकीच नसते, वर्णनात खिडकी आहे असं स्पष्ट लिहिलेलं बघा. दुसरं म्हणजे लिफ्ट, आई-वडील बरोबर असतील तर विचारूनच घ्या, पाचव्या मजल्याचे उभे जिने गुडघ्यांचा जीव घेतात. तिसरं, ता हिएन ही बिअरची गल्ली आहे, तिच्या जवळचं हॉटेल घेतलंत तर रात्री एकपर्यंत गाणी ऐकायची तयारी ठेवा. तळ्याच्या दक्षिणेला फ्रेंच वस्तीचा भाग आहे, रुंद रस्ते, झाडं, जरा महाग पण शांत, ज्येष्ठांसाठी मी तोच सुचवते.

बाथरूमची चिंता करणाऱ्यांसाठी आनंदाची बातमी: हँड शॉवर जवळपास सगळीकडे असतो. हे ऐकून माझ्या आत्याने तिकीट काढलं होतं.

चेक-इनला पासपोर्ट मागतात, पोलिसांकडे नोंद करावी लागते म्हणून. देऊन टाका, पण नोंद झाली की लगेच परत घ्या.

उतरल्यावर

विमानतळाचं नाव नोई बाय, शहरापासून पाऊण तास. इमिग्रेशनची रांग संपली की बाहेर पडण्याआधी सिम घ्या (व्हिएतेल सगळीकडे चालतं) किंवा घरूनच ई-सिम टाकून या. मग टॅक्सीसाठी ग्रॅब ॲप, किंवा त्या हिरव्या-निळ्या इलेक्ट्रिक टॅक्सी दिसतात त्यांचं सान एसएम. ओल्ड क्वार्टरपर्यंत साधारण तीन लाख डोंग होतात, म्हणजे हजार रुपये. दारात "टॅक्सी टॅक्सी" करत बॅगेला हात घालणाऱ्यांना मान हलवून नाही म्हणा आणि चालत राहा. सामान कमी असेल तर नारिंगी रंगाची ८६ नंबरची बस मस्त आहे, पन्नास हजारच्या आत-बाहेर तिकीट, लाँग बिएनवरून रेल्वे स्टेशनपर्यंत जाते, रात्री साधारण अकरापर्यंत मिळते. संध्याकाळी पाच ते सात मात्र शहरात शिरायला दुप्पट वेळ लागतो, शाळा-ऑफिसं एकदम सुटतात आणि त्यातल्या काही हजार स्कूटर माझ्याच शाळेच्या दारात असतात असं मला रोज वाटतं.

इथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. म्हणजे इथले पहाटेचे साडेपाच हे तुमच्या शरीराचे चार. म्हणून पहिल्या रात्री उगाच भटकू नका, सातला जेवा, झोपा.

रस्ता ओलांडणं

हे वेगळं शिकवावं लागतं. मुंबई-पुण्याचे लोक म्हणतात आम्हाला काय रस्ता शिकवता, आणि नेमके तेच मधोमध अडकतात, कारण आपली सवय धावत सुटायची किंवा हात दाखवून थांबवायची. इथे दोन्ही चालत नाही. गाड्या उजव्या बाजूने चालतात त्यामुळे आधी डावीकडे बघायचं. मग मोठी गाडी किंवा बस नाही ना एवढं बघून पाय टाकायचा आणि एकाच संथ गतीने चालत राहायचं. स्कूटरवाला तुमच्या चालीवरून अंदाज बांधतो आणि तुमच्या मागून किंवा पुढून वळसा घालतो. थांबलात, मागे सरकलात, पळालात की त्याचा अंदाज चुकतो. बसच्या पुढे मात्र जायचं नाही, ती वळसा घालत नाही. लहान मुलांचा हात, आणि आजी असतील तर आजींचा पण हात, घट्ट धरून सगळ्यांनी आडव्या ओळीत न जाता एका गठ्ठ्यात चालायचं.

फुटपाथवर स्कूटरी आणि प्लास्टिकची बुटकी स्टुलं मांडलेली असतात, त्यामुळे बरंचसं चालणं रस्त्याच्या कडेनेच होतं. चांगले बूट घाला. स्कूटर भाड्याने घ्यायचा मोह होईल, नका घेऊ. परवाना इथे ग्राह्य नसला की अपघातात विमा कंपनी हात वर करते.

पहाट: ही चुकवू नका

साडेपाचला तळ्यावर या. होआन किएमच्या काठाने आज्या पंखे घेऊन हळूहळू हातवारे करत व्यायाम करत असतात, पलीकडे स्पीकर लावून एरोबिक्स, बाजूला काका लोकांचं बॅडमिंटन, कुणीतरी चक्क बॉलरूम डान्स करत असतं. सामील व्हा, कुणी काही म्हणत नाही, माझी काकू नऊवारी नसली तरी पंजाबी ड्रेसमध्ये पहिल्या रांगेत घुसली होती आणि आज्यांनी तिला पंखा दिला.

तळ्याची गोष्ट अशी की राजा ले लोईने ज्या तलवारीने मिंग चिनी सैन्याला हाकललं ती इथल्या कासवाने परत मागून घेतली. तळ्यात खरोखरच महाकाय कासव होतं, शेवटचं २०१६ च्या जानेवारीत गेलं. लाल लाकडी पुलावरून न्गोक सन मंदिरात जाता येतं, तिथे काचेच्या पेटीत जतन केलेली कासवं आहेत, त्यांचा आकार बघून मुलं गप्प होतात.

तिथून सहा-साडेसहाला ओल्ड क्वार्टरमध्ये शिरा. ही छत्तीस गल्ल्यांची वस्ती, एकेका गल्लीत एकेक माल, आपल्या तांबट आळी, बुरुड आळीसारखं. हांग मा गल्लीत पूर्वजांसाठी जाळायच्या कागदी वस्तू, हांग थिएकमध्ये पत्रे ठोकण्याचा आवाज, लान ओंगमध्ये वाळलेल्या औषधी मुळ्या-सालींचा वास, हांग गायमध्ये रेशीम. दुकानं उघडायच्या आधी सकाळी या गल्ल्यांत भाजीवाल्या बसतात, तेव्हाच बघण्यात मजा. फक्त एक सांभाळा, सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला, म्हणजे बोहनीला, इथेही फार मानतात. आठ वाजता जाऊन तासभर घासाघीस करून न घेता निघालात तर दुकानदारीण खरोखर चिडते. घासाघीस करायची तर दुपारनंतर करा. आणि लेबलवर किंमत लिहिली असेल तर करूच नका.

दुसऱ्या दिवशीची पहाट लाँग बिएन पुलासाठी ठेवा. फ्रेंचांनी १८९९ ते १९०२ मध्ये रेड नदीवर बांधलेला लोखंडी पूल, मधून रेल्वे, दोन्ही बाजूंनी स्कूटरी आणि चालणारे. अमेरिकी विमानांनी तो परत परत पाडला आणि लोकांनी परत परत उभा केला, त्यामुळे सांगाड्याचे काही भाग जुने कमानदार आणि काही साधे सरळ दिसतात. आयफेलने बांधला असं गाइड सांगतील, तसं नाही, डेदे आणि पिये नावाच्या फ्रेंच कंपनीचा आहे. गंमत म्हणजे या पुलावर वाहतूक डावीकडून चालते, अख्ख्या हनोईत इथेच आपल्याला घरच्यासारखं वाटतं. ट्रेन स्ट्रीटपेक्षा, म्हणजे घरांना खेटून रेल्वे जाते त्या गल्लीपेक्षा, मला हा शंभर पटीने आवडतो. ट्रेन स्ट्रीटला पोलिसांचे अडथळे लागतात-निघतात, कॅफेवाले हात धरून आत नेतात, महागडी कॉफी पाजतात, रूळांवर गर्दी. जायचंच असेल तर जा, पण शिट्टी वाजली की फोन खाली आणि पाठ भिंतीला.

हो ची मिन्ह यांची समाधी, आणि तो प्रश्न

बा दिन्ह चौकात, जिथे २ सप्टेंबर १९४५ ला हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, तिथे त्यांचं पार्थिव काचेत ठेवलेलं आहे. सकाळीच उघडं असतं, साडेसात-आठ ते साडेदहा-अकरा, सोमवार-शुक्रवार बंद, आणि वर्षातून काही आठवडे, बहुतेक उन्हाळ्यात, डागडुजीसाठी बंद. गुडघ्यावर चड्डी, बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत, आत फोटो नाही, बोलणं नाही, खिशात हात घातले तरी शिपाई खूण करतो. साडेसातला रांगेत लागा. त्याआधी झेंडावंदन बघायचं असेल तर उन्हाळ्यात सहाला आणि थंडीत साडेसहाला असतं.

आता तो प्रश्न. येणाऱ्या दर दुसऱ्या मराठी पाहुण्याला विचारायचं असतं की इथे शिवाजी महाराजांचा पुतळा कुठे आहे, कारण व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतंय की व्हिएतनामने महाराजांच्या गनिमी काव्याने अमेरिकेला हरवलं आणि इथल्या नेत्याच्या थडग्यावर महाराजांचा मावळा असं कोरलंय. हनोईत असा पुतळा नाही आणि असा शिलालेखही नाही. हो ची मिन्ह यांचं तर थडगंच नाही, त्यांनी मृत्युपत्रात दहन करा म्हणून लिहिलं होतं ते सुद्धा पाळलं गेलं नाही. या लोकांकडे स्वतःचा गनिमी कावा शेकडो वर्षांचा आहे, तेराव्या शतकात मंगोलांना त्यांनी तसंच पळवलं. तेव्हा गाइडला पुतळ्याचा पत्ता विचारून त्याला कोड्यात टाकू नका, त्यापेक्षा ले लोईची गोष्ट विचारा, डोंगरात राहून दहा वर्षं झुंजलेला माणूस, महाराष्ट्रातल्या कुणालाही ती ऐकायला आवडेल.

वान मिएव: इथे मी वेळ काढून येते

साहित्याचं मंदिर म्हणतात याला, १०७० मध्ये कन्फ्युशिअससाठी बांधलेलं, आणि १०७६ मध्ये त्याच्या आवारात देशातलं पहिलं विद्यापीठ सुरू झालं. एका मागे एक पाच चौक आहेत. तिसऱ्यात दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा उभ्या आहेत, १४४२ पासून पुढच्या राजदरबारी परीक्षांत पास झालेल्यांची नावं त्यांवर. म्हणजे मेरिट लिस्ट, पण दगडात! पूर्वी मुलं परीक्षेआधी नशिबासाठी कासवांच्या डोक्यावर हात फिरवायची, डोकी झिजायला लागली म्हणून आता कठडा आहे. जून महिन्याच्या आसपास परीक्षांचे दिवस असतात तेव्हा आई-वडील अगरबत्ती घेऊन येतात, आणि पदवीच्या मोसमात मुली आओ झाय, म्हणजे इथला पारंपरिक लांब पोशाख, घालून फोटो काढायला. सकाळी आठला उघडतं, उघडल्या उघडल्या जा, नऊनंतर बसेस येतात.

२० नोव्हेंबरला इथला शिक्षक दिन असतो, त्या दिवशी रस्त्यावर फुलंच फुलं. तेव्हा आलात तर माझ्या घरी फुलदाण्या कमी पडलेल्या असतील, बादलीत लावलेली फुलं बघून हसू नका.

शाकाहारींसाठी

घाबरू नका पण गाफील पण राहू नका. इथे भाजीतसुद्धा फिश सॉस पडतो, सूप हाडांचं असतं, "व्हेज" म्हटलं की वरचे मांसाचे तुकडे काढून देतात. म्हणून व्हेज हा शब्दच वापरू नका, "चाय" म्हणा, बौद्ध शाकाहारासाठी तोच शब्द आहे. "तोय आन चाय", मी शाकाहारी आहे. (चहा हवा असेल तर "चा" म्हणायचं, नाहीतर भलतीच थाळी समोर येईल.) पाटीवर "कम चाय" दिसलं की डोळे मिटून आत शिरा, भात आणि दहा-बारा प्रकार समोर मांडलेले, बोट दाखवायचं, दोनेकशे रुपयांत पोट भरतं. त्यातलं चिकन-मासा दिसणारं सगळं सोयाबीन किंवा मशरूमचं असतं, आजी दचकतात, आधी सांगून ठेवा. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे प्रतिपदा आणि पौर्णिमेच्या सुमारास, इथली बरीच माणसं शाकाहार करतात, तेव्हा अशा जागा गच्च भरतात.

जैन मंडळींनी किंवा कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की कडक बौद्ध जेवणात कांदा-लसूण मुळातच वर्ज्य असतो, त्यामुळे देवळाजवळच्या चाय खानावळी तुम्हाला कुठल्याही इंडियन रेस्टॉरंटपेक्षा सोप्या पडतील. कंदमुळांचं मात्र विचारूनच घ्या.

साध्या हॉटेलात मागवायचं तर टोमॅटोतलं टोफू आणि परतलेली नाळीची भाजी, हो तीच आपली तळ्यातली नाळी, इथे रोजची आहे. दोन्हीला "खोंग नुओक माम" सांगा, फिश सॉस नको. सकाळचा सोय, म्हणजे मूग घातलेला चिकट भात, छान लागतो पण वर चमचाभर चरबी ओततात, ती नको म्हणून खूण करा. हे सगळं फोनवर व्हिएतनामीत लिहून स्क्रीनशॉट ठेवला की निम्मं काम झालं.

मासे-मांस खाणाऱ्यांना मी काय सांगणार, सकाळी फो, म्हणजे तांदळाच्या शेवयांचं सूप, दुपारी बुन चा, म्हणजे कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस आणि शेवया. बुन चा दुपारची गोष्ट आहे, साडेअकराला जा. ओबामा २०१६ मध्ये जिथे जेवले ते टेबल काचेत ठेवलंय, पण कोळशाचा धूर आणि गर्दी दिसली की कुठल्याही गल्लीतला चांगलाच असतो.

अंड्याची कॉफी प्यायची असेल तर कॅफे जांग, १९४६ मध्ये दूध मिळेना म्हणून तिथल्या मूळ मालकांनी अंड्याचा बलक फेटून घातला. मला ती गोड मिट्ट वाटते, नारळाची बरी. शरद ऋतूत आलात तर कमळाच्या पानात बांधलेले कोम, कोवळ्या भाताचे हिरवे पोहे, सोडू नका.

जेवण साडेसहा-सातला. वेटरला हाक मारायची तर लहान असेल तर "एम ओय", मोठ्या बाईंना "ची ओय".

दुपार, संध्याकाळ

बारा ते साडेतीन हॉटेलात जाऊन पडा. लाज वाटू देऊ नका, सगळं शहर तेच करतंय. ज्यांना अगदीच बसवत नाही त्यांनी एसी असलेलं महिला संग्रहालय किंवा होआ लो तुरुंग बघावा. फ्रेंचांनी बांधलेल्या या तुरुंगात पुढे अमेरिकी वैमानिक ठेवले होते.

चारनंतर ताय हो, म्हणजे वेस्ट लेक. चान क्वोक हा सहाव्या शतकातला पॅगोडा, मागे मावळतीचा सूर्य, काठाने कॅफे. जूनमध्ये कमळं असतात. किंवा तळ्याजवळचं पाण्यावरच्या कठपुतळ्यांचं थिएटर, पाऊण-एक तासाचा खेळ, भाषा कळली नाही तरी मुलांना आवडतो, तिकीट सकाळीच काढून ठेवा. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तळ्याभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात, त्यामुळे जमलं तर शनिवार-रविवार शहरात ठेवा. मी पण तेव्हा मोकळी असते.

कुठे सावध राहायचं

मारामारी-चोरीच्या बाबतीत शहर बरंच सुरक्षित आहे, बायका रात्री एकट्या फिरतात. लुबाडतात ते गोड बोलून. फळांच्या टोपल्यांची कावड तुमच्या खांद्यावर ठेवून फोटो काढायला लावतील आणि मग पैसे मागतील. कुणीतरी अचानक खाली बसून तुमच्या बुटाला गोंद लावायला लागेल. सायक्लोचा, म्हणजे इथल्या सायकल रिक्षाचा, भाव बसायच्या आधी, माणशी की मिळून, जायचा की येऊन-जाऊन, कागदावर आकडा लिहून ठरवा. फोन रस्त्याच्या बाजूच्या हातात धरून चालू नका.

हालाँग की निन्ह बिन्ह

एकच दिवस हातात असेल तर माझं मत निन्ह बिन्ह. दक्षिणेला शंभरेक किलोमीटर, रेल्वेने दोन-अडीच तास, चांग आनमध्ये चुनखडीच्या डोंगरांमधून, गुहांमधून वल्ह्याच्या होडीने फिरायचं. हालाँग एका दिवसात केलंत तर जाऊन-येऊन पाच तास बसमध्ये जातात, तिथे एक रात्र बोटीवर राहणार असाल तरच जा. आणि वादळामुळे बंदराने बोटी थांबवल्या तर एजंटशी भांडू नका. २०२५ च्या जुलैमध्ये तिथे अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट उलटून बरीच माणसं गेली. जून ते सप्टेंबर येणाऱ्यांनी एक दिवस मोकळा ठेवा आणि पैसे परत मिळण्याच्या अटी आधी वाचा.

परत जाताना

उरलेले डोंग भारतात कुणी नीट भावाने घेत नाही, इथेच संपवा. न्यायचं काय तर कॉफी आणि ती गाळायचा छोटा पत्र्याचा फिन, सुका कमळाचा चहा, हांग गायमधला रेशमी स्कार्फ (खरं रेशीम हवं तर फुटपाथवर घेऊ नका). फिश सॉसची बाटली बॅगेत नको, फुटली तर पुढची दोन वर्षं तीच बॅग वापरावी लागेल. विमानतळासाठी पाच-सातच्या गर्दीतून जावं लागणार असेल तर चारलाच निघा, आणि मला भेटायचं असेल तर शाळा सुटल्यावर, साडेचारनंतर, येताना गोडा मसाला आणि मेतकूट.